विचारा की! : सर्व्हरशिवायच्या नेटवर्कवर रिसर्च, तोही बेळगावात बसून

या अंकात पत्रं तीनच घेतलीत. पहिल्याचं उत्तर लई लांबलंय, कंटाळा आला तर सरळ दुसऱ्या पत्रावर जावा, कोण काही म्हणणार नाही.

प्रश्न : नमस्कार सर. मी बेळगावात इंजिनिअरिंग करतोय, कॉम्प्युटर सायन्स, सहावं सेमिस्टर. घर निपाणीजवळच्या खेड्यात, दहावीपर्यंत मराठी मिडियम, पुढं सगळं इंग्लिश. गेल्या वर्षी टोरेंट नेमकं चालतं कसं म्हणून बघायला गेलो आणि तिथून पीअर टू पीअर (मधे सर्व्हर नाही, कॉम्प्युटर एकमेकांशी थेट), डीएचटी (कुठली गोष्ट कुठल्या मशीनवर आहे याची यादी सगळ्यांत वाटून ठेवायची पद्धत), आयपीएफएस (अशा नेटवर्कवर फाइल ठेवायची सिस्टिम), डिसेंट्रलाइज्ड वेब असं एकातून एक लागत गेलं, आता दुसरं काही वाचावंसंच वाटत नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट यातच करायचाय, जमलं तर पुढे रिसर्चपण. खरं आमचे गाईड म्हणतात हा विषय वीस वर्षांपूर्वीच संपला, ब्लॉकचेन घे नाहीतर एआय घे. रूममेट म्हणतो टोरेंट म्हणजे पिक्चर चोरायचा धंदा, त्यात रिसर्च कसला. माझ्याकडे जुना लॅपटॉप आणि मोबाइल डेटा एवढंच आहे, लॅब वगैरे काही नाही. पेपर वाचायला घेतला की दोन पानांत डोकं जड होतं. विषय खरंच मेलाय का? सुरुवात कुठून करू? आणि यातनं पोटापाण्याचं काय?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : तुझ्या गाईडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं आधी समजून घे, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर त्यांच्याशी नीट बोलता येईल.

१९९९ ला नॅपस्टर आलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर, खरं कुणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टात केस झाली, २००१ मध्ये तो सर्व्हर बंद करावा लागला आणि यादी गेल्यावर लोकांकडे गाणी असूनही उपयोग नाही, सगळं नेटवर्क बसलं. तोपर्यंत, म्हणजे २००० लाच, ग्नुटेला आलेलं. त्यात मधे यादीच नाही, तुला काय पाहिजे ते शेजाऱ्यांना विचारायचं, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारणार, असं करत प्रश्नांचाच इतका लोंढा व्हायचा की उत्तरांना जागा उरायची नाही. मग २००१ या एका वर्षात कॉर्ड, कॅन, पेस्ट्री, टॅपेस्ट्री अशी चार डिझाइन्स आली, चौघांचा प्रश्न एकच, मधे कोणी नसताना लाखो मशीनमधून नेमकं एक मशीन कमी विचारपुशीत कसं शोधायचं. (कॅनच्या पेपरवर पहिलं नाव सिल्विया रत्नसामी यांचं आहे, त्या पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग करून बर्कलीला गेलेल्या. हे रूममेटला सांग.) त्याच्या पुढच्या वर्षी, २००२ ला, मेमुनकोव्ह आणि माझिएर यांचं केडेमलिया आलं, आणि ते आजपर्यंत टिकलंय. टोरेंटचा डीएचटी त्याच्यावरच, आयपीएफएसचाही, इथेरियम या ब्लॉकचेनचे नोड, म्हणजे त्या नेटवर्कमधली मशीनं, एकमेकांना शोधतात तेपण त्याच धर्तीवर.

केडेमलिया कळलं की अर्धा विषय कळला म्हणून जरा थांबून सांगतो. समज तू बेळगावच्या खडेबाजारात उभा आहेस आणि तुला कणकुंबीतल्या एका माणसाचं घर शोधायचंय. खडेबाजारात त्याला कोण ओळखत नाही, खरं खानापूरची गाडी कुठं लागते ते सांगतील. खानापुरात जांबोटीचा रस्ता दाखवतील, जांबोटीत एखादा निघेल ज्याचा पाहुणा कणकुंबीत आहे, आणि कणकुंबीत पोचलास की पोरंटोरंपण घरापर्यंत नेऊन सोडतील. प्रत्येकाला आपल्या जवळचं भरपूर माहीत आणि लांबचं थोडं थोडं, बास, तेवढ्यावर काम होतं. फक्त केडेमलियात जवळ म्हणजे किलोमीटरनं जवळ नव्हे, प्रत्येक नोडला १६० बिटांचा नंबर असतो आणि दोन नंबरांचा एक्सॉर (दोघांचे बिट कुठं कुठं वेगळे आहेत ते दाखवणारा आकडा) जेवढा लहान तेवढे ते जवळ. दर पायरीला अंतर निम्मं तरी होतं, म्हणून दहा लाख नोड असले तरी साधारण वीसेक पायऱ्यांत काम भागतं, प्रत्यक्षात त्याहूनही कमीत.

तर गाईड म्हणतात ते इथपर्यंत खरं आहे. मशीन शोधायचं कसं हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी बऱ्यापैकी सुटला, त्याच्यावर आणखी एक 'सुधारित' डीएचटी काढून प्रोजेक्ट केलास तर ते नाक मुरडणारच, आणि मीपण मुरडेन.

सुटलेलं नाहीये ते वेगळंच. हे नेटवर्क चालू कोण ठेवणार आणि का ठेवणार? माझ्या मते आज यात रिसर्च करण्यासारखं जे काही आहे ते या एका प्रश्नाच्या आजूबाजूलाच आहे. ग्नुटेला जोरात होतं तेव्हाच, २००० साली, अडार आणि ह्युबरमन या दोघांनी मोजून बघितलं तर जवळजवळ ७० टक्के लोक एकही फाइल शेअर करत नव्हते, आणि जेवढी उत्तरं येत होती त्यातली निम्मी फक्त वरच्या १ टक्का मशीनकडून येत होती. म्हणजे कागदावर सगळे समान आणि प्रत्यक्षात चार लोक राबतायत, बाकीचे जेवून जातायत. ब्रॅम कोहेनच्या बिटटोरेंटने यावर चांगला तोडगा काढला, तू मला तुकडे देतोस तोवर मी तुला देतो, आणि कमी लोकांकडे असलेला तुकडा आधी उचलायचा. डाउनलोड चालू असेपर्यंत हे लई भारी चालतं. डाउनलोड संपल्यावर मात्र सीड करत बसायला, म्हणजे आपल्याकडची फाइल दुसऱ्यांना देत राहायला, तुला काही कारण उरत नाही, म्हणून तर जुने टोरेंट ९८ टक्क्यांवर येऊन अडकलेले दिसतात, राहिलेले दोन टक्के ज्याच्याकडे होते तो मशीन बंद करून गेलेला असतो.

आता माझ्या आवडीचा धागा सांगतो. जे पीअर टू पीअरनं सुरू झाले आणि परत सर्व्हरकडे गेले त्यांचा अभ्यास कर. स्काईप २००३ ला आलं तेव्हा लोकांचे चांगल्या कनेक्शनवाले कॉम्प्युटरच त्याचे सुपरनोड, म्हणजे बाकीच्यांना जोडून देणारे, होते, त्यांच्या जिवावर सगळा डोलारा. डिसेंबर २०१० मध्ये विंडोजवर चालणाऱ्या स्काईपच्या एका व्हर्जनमधल्या बगमुळे ते सुपरनोड धडाधड पडले, राहिलेल्यांवर लोड आला, तेही पडले आणि स्काईप जगभर जवळजवळ दिवसभर आडवं झालं. २०१२ पर्यंत मायक्रोसॉफ्टने सुपरनोड आपल्या डेटा सेंटरमध्ये नेऊन बसवले. स्पॉटिफायसुद्धा सुरुवातीला गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवरून एकमेकांना पोचवायचं, २०१४ ला त्यांनी ते बंद केलं, सर्व्हर परवडायला लागले होते. वर लोक मोबाइलवर आले, आणि मोबाइल दुसऱ्यासाठी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पोचवत बसला तर बॅटरी किती टिकणार. हे लोक काही मूर्ख नव्हते, त्यांना कशामुळे परत फिरावं लागलं हे नीट मांडणं म्हणजेच चांगला रिसर्च.

उलट बाजूपण आहेच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने चुकून आपल्याच रूटिंगची वाट लावली आणि सहा तासांच्या आसपास व्हॉट्सअॅप, इन्स्टा सगळं गप्प, त्या रात्री आपल्याकडे निम्म्या लोकांनी फोन बंद करून चालू केले. आणि ऑर्कुट आठवतं का? तुला नाही आठवणार. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, त्यावर मराठी लोकांनी काय काय लिहिलेलं ते आता शोधून दाखव. त्यामुळे सगळं एका कंपनीच्या दारात बांधून ठेवण्याला पर्याय पाहिजे हे तुझं म्हणणं बरोबरच आहे, नुसता नाद नव्हे.

आणि विषय मेला म्हणणाऱ्यांना एवढंच विचार, व्हॉट्सअॅपवर दोघं बोलतात तेव्हा आवाज कुठून जातो? जमत असेल तर थेट एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. आयपी अॅड्रेस लपवायचा असेल तर कॉल सर्व्हरमधून न्यायची सेटिंग त्यांनी वेगळी दिलीय. विंडोजसुद्धा अपडेटचे तुकडे शेजारच्या पीसीवरून उचलू शकतं. पीटूपीच्या नावाच्या कॉन्फरन्स बंद पडल्या हे खरं, काम मात्र दुसऱ्या नावांनी चालू आहे, लिबपीटूपी (असं नेटवर्क बांधायची लायब्ररी) म्हण, लोकल फर्स्ट (डेटा आधी आपल्याच मशीनवर) म्हण, सीआरडीटी (वेगवेगळ्या कॉपीतले बदल आपोआप जुळवायची पद्धत) म्हण.

एक घोटाळा मात्र आधीच निस्तरून घे. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क), आयपीएफएस आणि बिटकॉइन या तिघांना लोक एकाच पोत्यात भरतात. पॉल बॅरनने १९६४ मध्ये तीन आकृत्या काढलेल्या, एकच केंद्र, बरीच केंद्रं, आणि केंद्रच नाही अशा, त्या बघ. मॅस्टोडॉन दुसऱ्या आकृतीतलं, म्हणजे सर्व्हर आहेतच, फक्त बरेच आहेत आणि एकमेकांशी अॅक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात (हे २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे), सर्व्हर चालवणारा कंटाळला की तिथल्या लोकांना बोचकं उचलावं लागतं. आयपीएफएस तिसऱ्याच्या जवळ. बिटकॉइनचा प्रश्नच वेगळा, एक वही सगळ्यांनी मिळून लिहायची आणि कुणी खोटं लिहायचं नाही. गाईड ब्लॉकचेन घे म्हणतात ते कशासाठी हे त्यांनाच विचार. प्रश्न वहीचा असेल तर घे, नसेल तर उगीच घोड्यापुढं गाडी.

आयपीएफएसबद्दलपण थोडं थंड डोक्यानं वाच. तिथे फाइलचा पत्ता फाइलच्या मजकुरातूनच निघतो, मजकुरावर हॅश (मजकुरातून ठराविक लांबीचा आकडा काढायचं गणित) चालवायचा आणि येईल तो पत्ता, त्यामुळे मधे कुणी एक अक्षर बदललं तरी पकडता येतं, हे सुंदर आहे. पण 'आयपीएफएसवर टाकलं की कायमचं राहतं' असं यूट्यूबवर सांगतात ते धडधडीत खोटं. कुणीतरी ती फाइल पिन करून, म्हणजे उडवायची नाही अशी खूण करून, ठेवली असेल तरच राहते, नाहीतर नोडवरची सफाई चालली की उडते. परत तोच प्रश्न, पिन करून कोण ठेवणार. दुसरं, २००२ मधला डाउसरचा सिबिल अटॅकवरचा पेपर वाच, छोटा आहे. एकच माणूस हजार खोटी नावं घेऊन नेटवर्कमध्ये शिरला तर? डाउसर म्हणतो, ओळख तपासणारं मधे कोणीतरी विश्वासू नसेल तर हे पूर्णपणे थांबवता येत नाही. केंद्र नको म्हणून निघालास आणि ओळखीसाठी परत केंद्रच लागलं, अशी गंमत आहे.

आता कामाचं. लॅपटॉप जुना आहे म्हणून अडत नाही. केडेमलियाचा पेपर घे आणि तू स्वतः गो किंवा पायथनमध्ये लिहून काढ, तयार लायब्ररी पहिल्यांदा नको. एका प्रोग्रॅममध्येच हजार नोड उभे कर, जुन्या लॅपटॉपवरही उभे राहतात. मग ते मारायला लाग. दर मिनिटाला १० टक्के मार, ३० टक्के मार, नवे घाल, आणि शोधलेलं सापडायचं प्रमाण कसं घसरतं त्याचा ग्राफ काढ. या येण्याजाण्याला चर्न म्हणतात आणि यात तुझे हात काळे झाल्याशिवाय पुढचे पेपर डोक्यात शिरणार नाहीत. त्याच्याबरोबर कुठल्याही लिनक्सचा आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) टोरेंटने उतरव आणि तुझ्याच मशीनवर वायरशार्क हे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघत बस, पुस्तकातलं हँडशेक (दोन मशीनची पहिली ओळख) डोळ्यांनी दिसतं.

त्यानंतर एक हिशेब हातानं कर. एक फाइल फोनवर ठेवायचीय आणि प्रत्येक फोन दिवसातला ३० टक्के वेळच ऑनलाइन असतो. कधीही मागितली तरी ९५ टक्के वेळा मिळावी तर किती फोनवर ठेवायची? एक फोन बंद असायची शक्यता ०.७, सगळे एकदम बंद असायची शक्यता ०.७ चा तितकाच घात, आठ फोनला ९४ टक्क्यांवर येऊन थांबतं, म्हणजे नऊ कॉपी लागल्या. फोन निम्मा वेळ चालू असते तर पाचात भागलं असतं. पुस्तकात गणित इथं संपतं. आता खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात ते लावून बघ. लाइट गेली की सगळ्या गावाचे राउटर एकदम जाणार, पावसात टॉवर गेला की नऊच्या नऊ फोन एकदम जाणार, रात्री सगळे झोपणार. प्रत्येक फोन आपापला स्वतंत्र बंद पडतो हे जे गणितात धरलेलं असतं तेच आपल्याकडे खोटं ठरतं. मग नऊ कॉपी एकाच गावात ठेवण्यापेक्षा चार कॉपी चार गावांत ठेवलेल्या बऱ्या का, आणि त्या ताज्या ठेवायला डेटा किती जाईल, हा प्रश्न तुझा आहे आणि तू तो इथे बसून मोजू शकतोस, कॅलिफोर्नियातल्या पोराला इथली लाइट कधी जाते ते माहीत नाही. याच्या आधी ब्लेक आणि रॉड्रिग्ज यांचा २००३ चा पेपर वाच, अगदी थोड्या पानांचा आहे, त्यांचं म्हणणं असं की लोक सारखे येत-जात असतील तर डिस्क कमी पडत नाही, अपलोडचा स्पीड कमी पडतो, कारण गेलेल्याच्या वाटणीचं परत परत कॉपी करत बसावं लागतं.

दुसरा प्रश्न तर तुझ्या घराजवळच आहे. निपाणी मोबाइल कंपन्यांच्या कर्नाटक सर्कलमध्ये, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, मधे कोगनोळीचा नाका. निपाणीतल्या फोनने कागलच्या फोनला थेट पॅकेट पाठवलं तर ते हायवेनं सरळ जातं का बेंगळुरू-मुंबई फिरून येतं? दोन्हीकडे एकाच कंपनीचं सिम असेल तर काय, वेगवेगळं असेल तर काय? ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवतं) आणि पिंग (लागणारा वेळ दाखवतं) यावर बरंच कळेल. पीअर टू पीअरवाले 'जवळचा पीअर निवडा' म्हणतात, पण सीमेवर जवळचा म्हणजे कोण? मला याचं उत्तर तुझ्याकडून वाचायला आवडेल. तिकडं चंदगड, गडहिंग्लजला एखादा पाहुणा असेल तर त्यालापण फोन घेऊन बसव.

मोजताना पहिल्यांदा आडवं येणार ते सीजीनॅट. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून हजारो गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे कोंबतात, फोनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समज तू त्याच गर्दीत आहेस. बाहेरून कुणी तुझं दार वाजवूच शकत नाही. त्यासाठी दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट टाकायची, त्याला होल पंचिंग म्हणतात, कधी जमतं कधी नाही, नाही जमलं तर मधे रिले लागतो, आणि रिले म्हणजे परत कुणाचा तरी सर्व्हर. आयपीव्ही६ (नवी, भरपूर पत्त्यांची पद्धत) असेल तर नॅटची भानगड सहसा नाही, पण मधली फायरवॉल बाहेरचं पहिलं पॅकेट आत सोडते का ते तपासावंच लागतं. चार मित्र, चार सिम, होस्टेलचं वायफाय, घरचं फायबर, यांच्या सगळ्या जोड्या करून कुठली जोडी थेट जुळते आणि कुठली नाही याचा तक्ता नुसता केलास तरी प्रोजेक्टचं एक प्रकरण झालं. फक्त दोन पथ्यं पाळ. दुसऱ्या लोकांचे आयपी विचारल्याशिवाय गोळा करायचे नाहीत, आणि कॉलेजच्या नेटवर्कवर काही चालवायच्या आधी तिथल्या अॅडमिनला लेखी विचारायचं, नाहीतर तुझा रिसर्च प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये प्रेझेंट करावा लागेल.

पेपर जड जातात ते मराठी मिडियममुळे नव्हे, सगळ्यांनाच जातात. पहिल्यांदा सुरुवात, आकृत्या आणि शेवट एवढंच वाच, गणित सोड. मग त्यांनी काय मोजलं आणि काय मोजलं नाही हे मराठीत चार ओळींत वहीत लिही. चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर परत वाच. शब्द इंग्लिश राहिले तरी चालतील, वाक्य आपलं पाहिजे.

पोटापाण्याचं म्हणशील तर 'पीटूपी इंजिनिअर पाहिजे' अशी जाहिरात क्वचित दिसेल. खरं हेच ज्ञान मोठ्या डेटाबेसमध्ये लागतं. अॅमेझॉनचा २००७ चा डायनॅमोवरचा पेपर वाच, नंतर आलेलं कॅसँड्रा बघ, नोड गोल मांडायचे, डेटा हॅशने वाटायचा, एक पडला की शेजाऱ्यानं सांभाळायचं, सगळी तीच भावकी. त्यामुळे डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच्या इंटरव्ह्यूत तू उपाशी राहणार नाहीस. रिसर्चलाच जायचं असेल तर गेट परीक्षेची तयारी आत्ताच लाव. धारवाडला आयआयटी आहे, बेंगळुरूला आयआयएससी आहे, आणि व्हीटीयू या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं मुख्य ऑफिस तर बेळगावातच. बेंगळुरूला दर जानेवारीत कॉमस्नेट्स नावाची नेटवर्किंगची कॉन्फरन्स भरते, विद्यार्थ्यांना पोस्टर लावायला मिळतं. इंटरनेटचं केंद्रीकरण कसं वाढलं आणि स्टँडर्ड करणारे त्याला किती थांबवू शकतात यावर आरएफसी ९५१८ हा २०२३ चा दस्तऐवज फुकट वाचायला आहे, कोड नाही त्यात, पण गाईडसमोर बसायच्या आधी तो वाचून जा.

गाईडकडे जाताना 'मला डिसेंट्रलाइज्ड वेब करायचाय' असं म्हणू नकोस, ते लगेच एआयवर येतील. 'निपाणी-कागल मोबाइल नेटवर्कवर थेट जोडणी किती वेळा होते ते मोजतो, आणि गाववार लाइट जाण्याचा कॉपी किती ठेवाव्यात यावर काय फरक पडतो ते सिम्युलेशन करून दाखवतो' असं एका कागदावर लिहून ने. पाहिजे तर शेवटी दोन ओळी मशीन लर्निंगच्या घाल, नोड कधी बंद पडेल याचा अंदाज म्हणून. त्यांचंही समाधान होईल आणि खोटंपण नाही ते.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, लॅपटॉपवर सारखं टोरेंट टोरेंट करतोय. शेजारी म्हणतात पोलीस केस होते. सॉफ्टवेअर काढून टाकायला लावू का?
— एक पालक, संकेश्वर

उत्तर : सॉफ्टवेअर राहू द्या, त्यातून काय उतरवतो ते विचारा. टोरेंट ही फाइल वाटायची पद्धत आहे, ती बेकायदा नाही, लिनक्सवाले स्वतःच आपली सिस्टिम टोरेंटने वाटतात. नवीन पिक्चर, वेब सिरीज, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवत असेल तर तो कॉपीराइट कायद्याचा भंग आहे. आणि एक गोष्ट पोरांना कोण सांगत नाही ती तुम्ही सांगा, टोरेंटमध्ये नुसतं उतरवणं असं नसतं, उतरवता उतरवता तुमचं मशीन तेच तुकडे दुसऱ्यांना वाटत असतं, म्हणजे घेणाऱ्याबरोबर देणारापण तुम्हीच. शिवाय त्या फाइलवर जमलेल्या सगळ्यांना तुमच्या घरचा आयपी दिसतो. क्रॅक सॉफ्टवेअरमधून व्हायरस येतो ते वेगळंच. रागवायच्या आधी त्याला हे कसं चालतं ते तुम्हाला समजावून सांगायला लावा, वरचं पत्र वाचलंत ना, काही पोरांना यातूनच अभ्यासाचा नाद लागतो.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या हस्तलिखित नाटकांच्या वह्या, भजनांची बाडं आणि काही दिवाळी अंक आहेत. वाळवी लागायला लागली म्हणून आम्ही मोबाइलवर स्कॅन करतोय. एक पाहुणा म्हणाला आयपीएफएसवर टाका, कधीच हरवणार नाही. टाकू का?
— वाचनालयाचा एक कार्यकर्ता, खानापूर तालुका

उत्तर : पहिलं स्कॅन करताय त्याबद्दल तुम्हाला नमस्कार. आता पाहुण्याचं. वरच्या उत्तरात लिहिलंय तेच, कुणीतरी सांभाळलं तर आयपीएफएसवर राहतं, नाहीतर जातं. आणि उलटी अडचणपण आहे, एकदा तिथे टाकलेलं दुसऱ्या कुणी उतरवून पिन करून ठेवलं तर तुम्हाला ते परत घेता येत नाही. म्हणून आधी हक्क बघा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, ती मोजायची पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून, म्हणजे १९६४ मध्ये गेलेल्या माणसाचं छापलेलं नाटक १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. तेवढी वर्षं अजून झाली नसतील, किंवा वही कधी छापलीच नसेल, तर घरच्यांना विचारून लेखी घ्या. दिवाळी अंकात तर प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, ते तूर्त बाहेर टाकूच नका, सांभाळून ठेवायची कॉपी करा.

सांभाळायचं कसं, तर स्टॅनफर्डच्या लायब्ररीत लॉक्स नावाचा प्रकल्प चालतो, तिथलं तत्त्व घ्या. बऱ्याच लायब्रऱ्यांनी आपापल्याकडे कॉपी ठेवायची आणि मधून मधून एकमेकांशी ताडून बघायची, एकाची बिघडली तर दुसऱ्याकडून दुरुस्त. तुम्हाला तेवढं मोठं नको. तुमच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर, बेळगावात ओळखीच्या कुणाकडे एक, आणि तिसरा पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्याकडे, तिन्हीवर सिंकथिंग नावाचं फाइल जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, मराठी नावं चालतात, मधे कुठल्या कंपनीचा सर्व्हर तुमच्या फाइल ठेवून घेत नाही, जमेल तेव्हा थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात, आणि मधे नेट गेलं तर आलं की राहिलेलं पुढे चालू. हे पीअर टू पीअरच आहे, फक्त ओळखीच्या लोकांतलं, आणि 'चालू कोण ठेवणार' याचं उत्तर नावानिशी ठरलेलं असतं. वरच्या पत्रातल्या पोराला प्रत्यक्ष मोजायला असंच काहीतरी पाहिजे, तुमची दोघांची हरकत नसेल तर संपादक ओळख करून देतील.

बसवताना दोन सेटिंग मात्र विसरू नका. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे, एका ठिकाणी कुणी चुकून फोल्डर उडवलं तर बाकीच्या दोन ठिकाणीही ते उडतं. म्हणून वाचनालयातलं फोल्डर 'फक्त पाठवणारं' आणि बाकी दोन 'फक्त घेणारी' करा, आणि घेणाऱ्या दोन्हीकडे फाइल व्हर्जनिंग चालू ठेवा, म्हणजे उडालेलं तिथल्या जुन्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये सापडतं. वर्षातून एकदा सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका, कपाटात ठेवा. वाळवी नसलेल्या.